औषधाची खिडकी

संपादकांचे पत्र आले तेव्हा आषाढ सरत आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार' असा मुक्रर झाला असून त्या अनुरोधाने काहीतरी 'स्वतः जाऊन, पाहून' लिहावे, अशी त्यांची फर्माईश होती. शेजार म्हटला की चाळीचा सामाईक नळ, वाड्यातली एकच भिंत, वाटीभर उसनी साखर आणि बांधावरून पेटलेले दावे ही सारी सामग्री हात जोडून पुढे उभी राहते. आणि ती वापरणारे माझ्याहून सरस लेखक या अंकात असणारच, हे मी जाणून होतो. मला आठवला तो निराळाच शेजार. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर औषधांची एक खिडकी असते. तिच्या आत औषधनिर्माता बसतो आणि जिन्याने दोन मजले वर गेले की वॉर्डात परिचारिका उभी असते. डॉक्टरांच्या लेखणीतून निघालेली गोळी रुग्णाच्या जिभेवर पडेपर्यंत ज्या हातांतून जाते ते हे हात. त्यांच्यात चिठ्ठ्यांची आणि फोनची देवघेव दिवसभर अव्याहत चालते. आणि तरीही वीस वीस वर्षे एकाच इमारतीत चाकरी करून निवृत्त होताना पलीकडच्याचे नाव ठाऊक नसलेली माणसे मी दोन्ही बाजूंना पाहिली आहेत.

कृष्णाकाठच्या एका गावी एकाच आवारात परिचर्येचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे अशी दोन महाविद्यालये असून, तेथील दोन उत्साही शिक्षिकांनी आपापल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणून खोट्या वॉर्डात, खोट्या रुग्णावर, खऱ्या प्रसंगांची तालीम चालविली आहे, असे कानावर होते. मी परवानगी मागितली. संस्थेचे आणि मुलांचे नाव छापू नये, एवढ्याच अटीवर ती मिळाली.

आबा

तेथे जिला 'सिम लॅब' म्हणतात ती खोली पूर्वी वाचनालयाची होती, हे भिंतीवर राहून गेलेल्या 'शांतता राखा' या पाटीवरून कळते. आता त्या पाटीखाली एक लोखंडी खाट, रेक्झिनची गादी, औषधांचे छोटे कपाट, सलाईनचा स्टँड आणि हिरवी रेघ नाचविणारा मॉनिटर आहे. आणि खाटेवर आबा आहेत. आबा म्हणजे मॅनिकिन, अर्थात माणसाच्या आकाराचा रबरी पुतळा. त्याची छाती श्वासागणिक वरखाली होते, मनगटावर नाडी लागते, बाहुल्या आकुंचन पावतात. कारखान्यातून आला तेव्हा तो परक्या मुलखातल्या माणसासारखा गुलाबी दिसत होता. मुलांनी त्याला धोतर नेसविले, डोक्यावर पांढरी टोपी घातली आणि बासष्ट वर्षांचे वय देऊन आबा केले. आबा बोलतात. एका बाजूने पाहता येईल आणि दुसऱ्या बाजूने आरसाच दिसेल अशा काचेमागे परिचर्येच्या मॅडम ध्वनिक्षेपक घेऊन बसतात आणि त्यांचा आवाज उशीखालून येतो. आबांचा आवाज बाईचा आहे ही गोष्ट पहिली दोन मिनिटे खटकते. त्यानंतर ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला गावच्या सुताराकडून फळ्यांची एक आडभिंत करवून घेतली असून तिला हातभर रुंदीची खिडकी ठेवली आहे. आडभिंतीपलीकडे मांडणी, लहानसा फ्रीज, नोंदवही आणि अंतर्गत फोन. ही झाली फार्मसी. मांडणीवरच्या गोळ्या म्हणजे बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. वायलींत नुसते पाणी. परंतु लेबले मात्र अस्सल, रिकाम्या बाटल्यांवरची, जशीच्या तशी. 'बाटलीतलं खोटं चालतं, बाटलीवरचं खोटं चालत नाही,' असे फार्मसीच्या मॅडम मला म्हणाल्या, आणि या साऱ्या खटाटोपाचे शास्त्र त्यात आले, असे मला पुढे वाटू लागले. सत्याभास कोठे हवा आणि कोठे नको, याचा विवेक ज्याला आहे त्याला महागड्या यंत्रांची फारशी गरज पडत नाही.

प्रारंभी मुलांना तीन गोष्टी बजावून सांगण्यात आल्या. येथे चुकण्याची पूर्ण मुभा आहे. येथे घडलेले येथेच राहील. आणि आबा जिवंत आहेत असे मानूनच वागायचे. तिसऱ्या वर्षाच्या चार परिचर्या-विद्यार्थिनी खाटेपाशी, अंतिम वर्षाची तीन मुले खिडकीमागे, आणि बाकीचा वर्ग शेजारच्या खोलीत पडद्यासमोर. आबांच्या मुलाचे काम करावयास प्रयोगशाळेतले परिचर 'मामा' होते. त्यांनी तरुणपणी जत्रेतल्या नाटकांतून कामे केली असल्यामुळे लिहून दिलेल्या संवादांवर थांबणे त्यांना मुळीच जमत नाही.

पंचवीस पट

भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले होते; वस्तुतः सकाळचे अकरा झाले होते. आबांना मधुमेह, पायाला चिघळलेली जखम. केसपेपरवर आज्ञा होती ती अशी की, जेवणापूर्वी रेग्युलर इन्सुलिन, ४ युनिट, त्वचेखाली. मात्र 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिला नव्हता. इंग्रजी आकड्याला चिकटून यू हे एकच अक्षर काढले होते आणि त्याचे वरचे तोंड घाईच्या लेखणीने जवळजवळ मिटले होते, त्यामुळे ते अक्षर शून्यासारखे दिसत होते. हा सापळा शिक्षिकांनी हेतुपुरस्सर रचला होता. पण तो त्यांच्या कल्पनेतला नव्हे. या एका अक्षरामुळे जगभर इतके अपघात झाले आहेत की, औषधसुरक्षेचे काम करणाऱ्या संस्था ते एकटे कधीही लिहू नये, असे वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

वॉर्डातले इन्सुलिन संपले होते. एका मुलीने फोन उचलला.

'फार्मसी? वॉर्डमधून बोलतेय. रेग्युलर इन्सुलिन संपलंय, एक वायल पाठवा.'

'पाठवतो.'

एवढाच संवाद. विचारणाऱ्याचे नाव नाही, रुग्णाचे नाव नाही, मात्रेचा उल्लेख नाही. एक ठिकाण दुसऱ्या ठिकाणाशी बोलले. मुलाने फ्रीज उघडला. आपल्या देशात इन्सुलिनच्या वायली दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असणाऱ्या आणि १०० युनिट असणाऱ्या. आणि त्यांच्या सिरिंजही निरनिराळ्या, पहिलीच्या टोपणाचा रंग तांबडा, दुसरीच्या टोपणाचा नारिंगी. फ्रीजमध्ये ४० ची वायल नव्हती, १०० ची होती. त्याने नोंदवहीत 'इन्सुलिन रेग्युलर, वायल १' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, सही घेतली आणि वायल खिडकीतून दिली. शिरस्त्याप्रमाणे पाहू गेले तर त्याचे काहीही चुकले नव्हते.

वॉर्डातल्या ट्रेमध्ये तांबड्या टोपणाच्या सिरिंज होत्या. औषध भरणाऱ्या मुलीशेजारी तपासणारी दुसरी उभी होती, कारण असे औषध दोघींनी पाहावे हा नियम त्यांना पाठ होता.

'किती?'

'चाळीस.'

'चाळीस?'

तिने केसपेपर पाहिला, मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले, पुन्हा केसपेपर पाहिला. एवढ्यात मामांनी पडद्याआडून प्रवेश करून, म्हाताऱ्याला दोन तास झाले जेवण नाही, इथे कोणी वाली आहे की नाही, असा आवाज चढविला. 'बरं,' ती म्हणाली. मी तो शब्द वहीत लिहून ठेवला आहे. मान्यता, शंका, भिडस्तपणा आणि घाई या चारांना एकाच अक्षरजोडीत सामावून घेणारा दुसरा शब्द मराठीत क्वचितच असेल.

दंडावर बांधलेल्या स्पंजाच्या पट्टीत इंजेक्शन गेले. मदतनीस मुलगा येऊन घड्याळाचा काटा चाळीस मिनिटे पुढे सरकवून गेला आणि जाता जाता आबांच्या कपाळावर पाण्याचे थेंब शिंपडून गेला, कारण रबराला घाम फुटत नाही. उशीखालून आवाज आला, 'पोरी, हातपाय कापायला लागलेत गं… डोळ्यापुढं अंधारी येतीया.' मुलींनी बोट टोचल्याचा अभिनय केला. काचेमागून चिठ्ठी आली : साखर ३४. येथून पुढचे त्यांचे वागणे मात्र वाखाणण्यासारखे होते. एकीने हाक मारली, दुसरीने डेक्स्ट्रोजची बाटली लावली, तिसरीने श्वास पाहिला, चौथीने मामांना बाहेर काढले. आबा शुद्धीवर आले.

गणित असे : आज्ञा ४ युनिटांची. वाचताना ती ४० झाली, म्हणजे दहापट. तांबड्या टोपणाच्या सिरिंजवरची ४० ची खूण म्हणजे पूर्ण एक मिलिलिटर. आणि वायल १०० ची असल्यामुळे त्या मिलिलिटरात १०० युनिट, म्हणजे आणखी अडीचपट. चार मागितले होते, शंभर गेले. पंचवीस पट. एक चूक वर झाली, एक खिडकीपाशी. आणि दोन्ही चुकांचा परस्परांशी गुणाकार झाला.

खुर्च्यांचे वर्तुळ

नाट्य बारा मिनिटांत आटोपले. त्यानंतरची चर्चा पाऊण तास चालली. या विद्येचे जाणकार सांगतात की शिक्षण होते ते या पाऊण तासात, आणि बारा मिनिटे ही तिची केवळ प्रस्तावना. खुर्च्या वर्तुळाकार मांडल्या गेल्या. मॅडमही आरशामागून येऊन त्यांतल्याच एका खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'काय चुकलं?' असा नव्हता. 'आत्ता कसं वाटतंय?' असा होता. एका मुलीने डोळे पुसले. रबरी आबांसाठी रडू यावे याचे मला नवल वाटले, आणि पाठोपाठ आपल्या नवलाची किंचित लाज वाटली.

मग घटनाक्रम लावला गेला, आणि यथावकाश गाडी त्या 'बरं'पाशी आली.

'मला असं दिसलं की तू दोनदा केसपेपर पाहिलास,' मॅडम म्हणाल्या. 'तेव्हा मनात काय होतं?'

'चाळीस जास्त वाटलं होतं, मॅडम.'

'मग?'

'वाटलं, फार्मसीनं दिलंय म्हणजे त्यांनी बघितलं असेल.'

समोरच्या खुर्चीवरला मुलगा मान खाली घालून म्हणाला, 'आम्हाला वाटलं, वॉर्डनं मागितलंय म्हणजे त्यांनी बघितलं असेल.'

यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मॅडमनीही ती शांतता भरून काढण्याचा प्रयत्न केला नाही. आणि शिक्षकाच्या अंगी असलेले हे कौशल्य मला त्या दिवशी पाहिलेल्या साऱ्या कौशल्यांत दुर्मीळ वाटले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर न बसता, आपल्याला काय दिसले ते सांगावे, त्यातले काय काळजीचे वाटले ते आडपडदा न ठेवता बोलावे, आणि मग समोरच्याच्या मनात त्या क्षणी कोणता विचार होता तो खऱ्या कुतूहलाने विचारावा, अशी या संभाषणाची रीत आहे. बॉस्टनच्या एका केंद्रात ती घडत गेली आणि तेथून जगभर पसरली. तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की, माणूस बुद्धिमान आहे, त्याला चांगलेच करावयाचे आहे, आणि म्हणून त्याच्या चुकीमागेही त्या वेळी त्याला पटलेले काही कारण असलेच पाहिजे. आमच्या शाळांतून छडीच्या छायेत वाढलेल्या पिढीला हे गृहीत पचविणे थोडे जड जाते.

दोन ताकदींच्या वायलींची माहिती कितीजणांना होती, असे विचारताच सातही हात वर झाले. एकीला तर परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न आला होता आणि दोन्ही गुण मिळाले होते.

दुपारी दुसऱ्या चमूला तोच प्रसंग पुन्हा दिला गेला, पण त्याआधी त्यांना फोनवर बोलण्याची एक चौकट शिकविली गेली. परिस्थिती काय, पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय आणि माझी मागणी काय, या चार पायऱ्या त्या क्रमाने. मूळ पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. तिथून ती रुग्णालयांत आली. जोडीला दुसरा नियम असा की, ऐकणाऱ्याने ऐकलेले परत बोलून दाखवावे. ही दुसरी मुलगी फोनवर प्रथम आपले नाव सांगून मग म्हणाली, 'आज्ञा चार आहे की चाळीस, ते मला नीट लागत नाहीये. मला चार वाटतंय, कारण आबांची साखर २१० च आहे. तुम्ही एकदा बघाल का?' खिडकीमागचा मुलगा केसपेपर पाहावयास स्वतः उठून आला. आडभिंत ओलांडून माणूस अलीकडे आला तो त्या दिवशी प्रथमच.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना एका रुग्णालयातून घरी सोडताना जी यादी मिळाली तीत रक्तदाबाची एकच गोळी दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी लिहिलेली होती. डॉक्टरांनी लिहिली, वॉर्डात समजावून दिली गेली, खिडकीतून मोजून मिळाली, आणि आम्ही आठवडाभर भक्तिभावाने दोन्ही दिल्या. वडिलांना उठताना भोवळ येई, ती आम्ही वयाच्या खात्यावर जमा केली. आमच्या पेठेतल्या औषधाच्या दुकानातले गृहस्थ, पुढची पाकिटे देताना, 'या दोन्ही एकच आहेत हो काका,' असे सहज बोलून गेले म्हणून निभावले. त्या यादीवरून किती डोळे फिरले होते, याचा हिशेब मी त्या खुर्च्यांच्या वर्तुळाबाहेर बसून पुन्हा एकदा केला.

पुस्तमय पुरुष

खोट्या रुग्णावर हात बसविण्याची कल्पना अर्वाचीन आहे असा समज असेल तर तो सुश्रुताने केव्हाच खोडून ठेवला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा एक अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेदन शिकावे ते कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. शिरावेध मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. शिवण्याचा सराव जाड्या-बारीक वस्त्रावर. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव 'पुस्तमय पुरुषा'वर, म्हणजे माणसाच्या घडीव पुतळ्यावर. साऱ्या शास्त्राचे अध्ययन केलेला मनुष्यही योग्येवाचून कर्माला अयोग्यच, असा त्याचा रोकडा अभिप्राय आहे. आमचे आबा हे त्या पुस्तमय पुरुषाचे दूरचे वंशज.

जवळचे पूर्वज मात्र बाहुल्यांच्या घराण्यातले. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचर्याशाळेसाठी १९११ साली मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी माणसाएवढी एक बाहुली करून दिली आणि 'मिसेस चेस' या नावाने ती कित्येक पिढ्यांकडून अंथरुणात कूस बदलवून घेत राहिली. १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'अॅन' घडविली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत बुडालेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून घेतला होता. आणि १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी रुग्णाचे सोंग वठविण्यास माणसांनाच शिकविले. आमचे मामा त्या परंपरेत येतात, ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी 'मानधन किती असतं त्यांना?' असे विचारले.

सुश्रुताइतकाच चरकही येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याने चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत. द्रव्याचेही गुण त्याने मोजले. पण द्रव्य हाताळणाऱ्या माणसाला स्वतंत्र पाद दिला नाही, कारण वैद्य स्वतःच्या मुळ्या स्वतः कुटत होता. पुढे कुटणारा हात लिहिणाऱ्या हातापासून विलग झाला, इंग्रजी दवाखान्यांत त्याला कंपाउंडर हे नाव मिळाले, आणि आजही कित्येक वॉर्डांच्या मनात तो माणूस नसून केवळ द्रव्यच आहे.

दोन दफ्तरे

या दोन वर्गांना एका खोलीत आणण्यास काय लागते, ही हकीकत आबांच्या आजाराहून गुंतागुंतीची आहे. परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, फार्मसीचा १९४८ चा. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली ही भावंडे दिल्लीतही निरनिराळ्या परिषदांच्या घरी वाढली. आमच्या राज्यात परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम नाशिकला १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका मात्र तंत्रशिक्षण मंडळाकडे, आणि पदवीचे प्रवेशही पुष्कळ वर्षे तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होत. अर्थात सरकारदरबारी एक विद्या आरोग्याची आणि दुसरी यंत्रविद्येच्या पंक्तीला बसलेली. फार्मसीचा विद्यार्थी चार वर्षांत गोळ्या पाडणाऱ्या यंत्राचे दाब, वर्णपटमापकाचे आलेख, औषधांची रासायनिक सूत्रे यांत पारंगत होतो. 'फार्मसी प्रॅक्टिस' हा विषय त्याला सातव्या सत्रात भेटतो, आणि तोवर त्याने खाटेवर निजलेला रुग्ण अभ्यास म्हणून पाहिलेला असेलच असे नाही. परिचर्येच्या बाजूस नव्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळेचे तास नेमून दिले आहेत आणि गुरुग्रामला त्यासाठी एक राष्ट्रीय संदर्भकेंद्रही उभे आहे. परंतु त्या तासांना शेजारच्या महाविद्यालयातील मुलगा येऊन बसला तर त्याची हजेरी कोणत्या पटावर मांडावी, याचा खुलासा कोठल्याच परिपत्रकात नाही.

त्यामुळे दोन्ही मॅडमनी प्रथम अर्ज केला, मग स्मरणपत्र दिले, मग दोन्ही प्राचार्यांची एकत्र मसलत घडवून आणली. एकीकडे परीक्षा तर दुसरीकडे क्षेत्रभेट, एकीकडे रात्रपाळी तर दुसरीकडे प्रॅक्टिकल. अखेर दर महिन्याचा एक गुरुवार दोन्ही वेळापत्रकांच्या फटीत सापडला, आणि आवकजावक बारनिशीत तो 'सहशैक्षणिक उपक्रम' या खात्याखाली दाखल झाला. म्हणजे ज्या खात्यात स्नेहसंमेलनातली रांगोळी-स्पर्धा असते त्याच खात्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशा सहशिक्षणाची जी व्याख्या प्रसृत केली तीत दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसह शिकणे अभिप्रेत आहे. त्या तीन शब्दयोगी अव्ययांसाठी या दोन बाईंनी किती जिने चढउतर केले, ते मी ऐकले आहे.

अदलाबदल

दुपारच्या चहानंतर जागा बदलण्यात आल्या. फार्मसीची मुले खाटेपाशी गेली, मुली खिडकीमागे. यात फारसे शिकण्यासारखे काही असेल असे मला वाटले नव्हते, आणि येथेच माझा अंदाज सपशेल चुकला.

सकाळचा तो मान खाली घालणारा मुलगा आता चार रुग्णांच्या गोळ्यांची ट्रे घेऊन उभा होता. इतर तीन रुग्णांचे काम वर्गमित्र करीत होते, आणि सूड उगविल्याप्रमाणे करीत होते. एकाला पाणी हवे होते, एकाची सलाईन संपत आली होती, एकाला गोळी गिळवत नव्हती. आबांनी त्याच क्षणी शौचपात्र मागितले. मामा आता दुसऱ्याच रुग्णाचे मेहुणे झाले होते आणि 'साहेब कधी येणार?' हा एकच प्रश्न निरनिराळ्या पट्टीत विचारीत होते. फोन वाजला. तो मोजीत होता, 'आबांना दोन पांढऱ्या, एक पिवळी…', आणि फोन ठेवून परत आला तेव्हा पांढऱ्या तीन होत्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या, पुन्हा फोन वाजला. दहा मिनिटांनंतर तो मला, म्हणजे परक्या माणसाला, घामाघूम होऊन म्हणाला, 'सर, या लोकांना मोजायला तरी देतात का कधी?'

खिडकीमागे निराळेच हाल होते. मुलींना वाटत असे की फार्मसी म्हणजे मांडणीवरून उचलून देणे. आता त्यांच्यापुढे एकाच वेळी पाच वॉर्डांचे इंडेंट (मागणीपत्रे) आले, त्यांतले दोन वाचता येत नव्हते, एकात मागितलेले औषध शिल्लक नव्हते, आणि हेपॅरिनच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या वायली मांडणीवर शेजारी शेजारी होत्या, एकीत मिलिलिटरला १,००० युनिट आणि दुसरीत ५,०००. पोटॅशियम क्लोराइडची लहानशी अँप्युल मागणारी चिठ्ठी आली. तिच्या दहा मिलिलिटरांत जेवढे द्रव्य असते तेवढे विरळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते, म्हणून ती देताना कशासाठी, कशात मिसळून, असे विचारावयाचे असते. मुलीने फोन करून विचारले. पलीकडून, ठरवून दिल्याप्रमाणे, उत्तर आले : 'तुम्हाला काय करायचंय? मागितलंय ते द्या ना!' तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हेच वाक्य वॉर्डातल्या ताईंच्या तोंडून तिने कितीदा तरी ऐकले होते, पण त्याचे टोक पलीकडे कसे टोचते ते तिला ठाऊक नव्हते.

त्यानंतर टेबलाभोवती जे घडले ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. फिटांवरच्या फेनिटॉइनचा विषय निघाला. फार्मसीच्या मॅडमनी दोन काचपात्रे मागविली, एकात साधे सलाईन आणि दुसऱ्यात डेक्स्ट्रोज घेतले, आणि खऱ्याच अँप्युलमधले औषध दोन्हींत टाकले. पहिले नितळ राहिले. दुसरे बघता बघता गढूळ झाले. आम्लता बदलली की हे औषध द्रवात विरघळलेले राहत नाही, त्याचे कण होतात, असे मुलांनी मुलींना समजावले. मुली वाकून पाहत होत्या. 'डेक्स्ट्रोजमध्ये देऊ नये' हे वाक्य त्यांना पाठ होते, पण का देऊ नये ते त्यांनी आज डोळ्यांनी पाहिले. मग त्यांच्यातली एक, लातूरकडची, आतापर्यंत फारशी न बोललेली, म्हणाली, 'आणि हे शिरेत जाताना हात जळतो. माणूस ओरडतो. हळू सोडावं लागतं, शीर मोठी बघावी लागते, आणि सोडताना त्याच्या तोंडाकडं बघत राहावं लागतं. तुमच्या पुस्तकात आहे का ते?' मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पुस्तकात वेग होता, ओरडणे नव्हते.

रिकामी खुर्ची

या उपक्रमाची स्तुती करणे सोपे आहे, म्हणून दोन शंका नोंदवून ठेवतो. अशा सहशिक्षणाने रुग्णांचे प्रत्यक्ष भले किती होते, याचा धांडोळा कॉक्रेन या नावाजलेल्या परीक्षणमालेने २०१३ साली घेतला तेव्हा कसोटीस उतरणारे अवघे १५ अभ्यास त्यांना सापडले. त्यांपैकी ७ मध्ये सुपरिणाम दिसला, ४ मध्ये संमिश्र, आणि ४ मध्ये काहीच नाही. त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, असे परीक्षकांनीच म्हणून ठेवले. तशात फार्मसीची यांतली किती मुले रुग्णालयाच्या खिडकीमागे बसतील? बरीचशी कारखान्यांत जातील, काही औषधकंपन्यांच्या बॅगा घेऊन फिरतील, आणि काहींची प्रमाणपत्रे एखाद्या दुकानाच्या भिंतीवर चौकटीत टांगली जाऊन ते स्वतः परगावी असतील.

दुसरी शंका त्याहून मोठी. खुर्च्यांच्या त्या वर्तुळात एक खुर्ची मला दिवसभर रिकामी दिसत होती. चार चाळीस झाले ते ज्या लेखणीमुळे, तिचा धनी तेथे नव्हता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना का बोलावले नाही, असे मी विचारले तेव्हा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, 'दोन दफ्तरं जुळवायलाच आमचा श्रावण उजाडला. तिसरं उघडायला तुम्ही या.' औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ सालीच केला आहे; परंतु वाचता न येणारे अक्षर वाचण्याची जबाबदारी, आणि ते वाचता आले नाही असे सांगण्याचे धाडस, ही दोन्ही ओझी अद्याप खालच्याच खांद्यांवर आहेत. विद्यार्थिनी चौकटीत बसवून उत्तम बोलतील. पण रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेतल्या वरिष्ठाला 'सर, हे चार की चाळीस?' असे विचारताना आडवी येते ती चौकट नसते. ते विचारणे त्यांनी आरशासमोर एकदा तरी केलेले आहे, इतकेच त्या गुरुवारचे पुण्य मला मोजता येते, आणि ते मी कमी मोजत नाही.

पाच वाजता आवराआवर सुरू झाली. बडीशेपेच्या गोळ्या मुलांनी आपसांत वाटून खाल्ल्या. पांढऱ्या कोणाच्या वाट्याला किती आल्या यावर वाद झाला आणि त्या पुन्हा मोजण्यात आल्या. मामांनी आबांची टोपी काढून घडी केली, धोतर सोडून धुण्याच्या बादलीत टाकले, मॉनिटरची हिरवी रेघ बंद केली.

'पुढच्या महिन्यात काय होतंय आबांना?' त्यांनी विचारले.

'दमा,' मॅडम म्हणाल्या. 'दोन प्रकारचे पंप आहेत, त्यात घोळ घालायचाय. तुम्ही मुलगाच व्हा या वेळीही.'

मामांनी क्षणभर विचार केला. 'मुलगा नको. मुलगा पुण्याला असतो, त्याला सुट्टी मिळत नाही. म्हाताऱ्याला दवाखान्यात शेजारीच घेऊन येतो. मी शेजारी होतो,' असे म्हणून ते बादली उचलून नळाकडे गेले.